अटलांटा महानगराचे पाणी : छोट्या नदीवर ६१ लाखांचा भार

अमेरिकेतील बहुतेक महानगरे मोठ्या नदीच्या, सरोवराच्या किंवा समुद्राच्या काठी वसली. जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा याला अपवाद आहे. १८३७ मध्ये रेल्वेमार्गाचे अखेरचे ठिकाण म्हणून निश्चित झालेल्या जागेभोवती हे शहर वाढले. रेल्वेला सोयीची असलेली ही जागा नेमकी जलविभाजकावर आहे. तिच्या एका बाजूचा पाऊस मेक्सिकोच्या आखाताकडे वाहतो, तर दुसऱ्या बाजूचा अटलांटिक महासागराकडे. जमिनीखाली कठीण खडक असल्याने भूजलही बेताचेच. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ६१ लाख लोकसंख्या असलेले हे महानगर त्यामुळे जवळजवळ पूर्णपणे नद्या व जलाशयांवर अवलंबून आहे.

चॅटाहूची आणि लेक लेनियर

महानगराच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा चॅटाहूची नदीतून येतो. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी अटलांटापर्यंत पोहोचते तेव्हा फारशी मोठी झालेली नसते. लष्कराच्या अभियंता विभागाने १९५० च्या दशकात तिच्यावर बुफर्ड धरण बांधले. त्यातून सुमारे ३८,००० एकरांचा लेक लेनियर हा जलाशय निर्माण झाला. फोर्सिथ आणि ग्विनेट काउंटी थेट या जलाशयातून पाणी उचलतात, तर उत्तर फुल्टन व अटलांटा शहर धरणाखालील नदीपात्रातून. कमिंग, जॉन्स क्रीक, अल्फारेटा यांसारख्या, मराठी कुटुंबांनाही परिचित असलेल्या उपनगरांच्या नळांतील पाणी अशा प्रकारे एकाच साठ्याशी जोडलेले आहे. वायव्येकडील कॉब काउंटीला चॅटाहूचीसह एटोवा नदीवरील लेक अलाटूनाचाही आधार आहे. दक्षिणेकडील काउंट्या मुख्यतः लहान ओढ्यांवर बांधलेल्या जलाशयांवर भिस्त ठेवतात.

लेक लेनियर विस्तीर्ण असला तरी त्याचे पाणलोट क्षेत्र केवळ १,०४० चौरस मैल आहे. खालच्या राज्यांतून वाहत जाणाऱ्या संपूर्ण नदीप्रणालीच्या तुलनेत हे सुमारे पाच टक्केच भरते. परिणामी, एकदा रिता झालेला जलाशय पुन्हा भरण्यास दीर्घ काळ लागतो.

हक्काचा प्रश्न

धरणाची उभारणी पूरनियंत्रण, वीजनिर्मिती आणि खालच्या भागातील जलवाहतूक या हेतूंनी झाली. त्याच्या खर्चात अटलांटाने वाटा उचलावा, असा विषय १९४८ मध्ये निघाला होता. शहराला पाण्याचे इतर पर्याय उपलब्ध आहेत, अशी भूमिका घेऊन महापौर विल्यम हार्ट्सफील्ड यांनी त्यास नकार दिला. त्या वेळी किरकोळ वाटलेला हा निर्णय पुढील पिढ्यांना महाग पडला.

शहर वाढत गेले तसे पाणी उचलण्याचे प्रमाणही वाढले आणि १९९० मध्ये अलाबामाने न्यायालयात धाव घेतली. पुढे फ्लोरिडाही वादात उतरला. २००९ मध्ये संघीय न्यायाधीश पॉल मॅग्नसन यांनी पाणीपुरवठा हा जलाशयाचा काँग्रेसने मंजूर केलेला हेतू नाही, असा निर्वाळा दिला आणि तोडग्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. ही मुदत तोडग्याविना संपली असती, तर लाखो घरांचा पुरवठा संकटात सापडला असता. २०११ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला.

फ्लोरिडाचा दावा वेगळा होता. जॉर्जियातील, विशेषतः फ्लिंट नदीच्या खोऱ्यातील सिंचनाच्या उपशामुळे अपालाचिकोला उपसागरातील कालवांचा व्यवसाय बुडाला, असे त्याचे म्हणणे होते. १ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी हा दावा एकमताने फेटाळला. त्याच वर्षी जॉर्जियाने अभियंता विभागाशी करार करून लेनियरमधील साठ्याचा काही भाग पाणीपुरवठ्यासाठी मिळवला. डिसेंबर २०२३ मध्ये अलाबामा व जॉर्जिया यांनी नदीतील किमान प्रवाहाबाबत तडजोडीचा प्रस्ताव जाहीर केला.

दुष्काळाने शिकवलेले

लेनियरची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,०७१ फूट आहे. डिसेंबर २००७ मध्ये ती १,०५१ फुटांच्याही खाली उतरली. उत्तर जॉर्जियात बागांना पाणी घालण्यावर बंदी आली आणि राज्यपाल सनी पर्ड्यू यांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवर पावसासाठी सामुदायिक प्रार्थना केली.

प्रत्यक्ष उपाय मात्र अधिक रुक्ष स्वरूपाचे होते. १५ काउंट्यांसाठी २००१ मध्ये स्थापन झालेल्या जलनियोजन मंडळाने वाढीव वापराला चढे दर, गळतीचा शोध आणि जुनी शौचकूपे बदलण्यासाठी अनुदान, अशा योजना राबवल्या. २००० नंतर लोकसंख्येत दहा लाखांहून अधिक भर पडूनही महानगराचा एकूण पाणीवापर दहा टक्क्यांहून अधिक घटला. ग्विनेट काउंटी सांडपाण्यावर उच्च दर्जाची प्रक्रिया करून ते पुन्हा लेनियरमध्ये सोडते. क्लेटन काउंटी प्रक्रिया केलेले पाणी कृत्रिम पाणथळींतून जलाशयांकडे नेते. अटलांटा शहराने बेलवूड येथील जुन्या दगडखाणीत २.४ अब्ज गॅलनचा साठा उभारला. त्यामुळे पूर्वी जेमतेम तीन दिवस पुरणारा आपत्कालीन साठा सुमारे महिनाभर पुरेल इतका झाला.

साठा सुरक्षित असला तरी पाणी घरापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था जुनी आहे. ३१ मे २०२४ रोजी अटलांटा शहरातील जीर्ण जलवाहिन्या फुटल्या. अनेक भागांत पुरवठा खंडित झाला, नागरिकांना काही दिवस पाणी उकळून पिण्याच्या सूचना मिळाल्या आणि महापौर आंद्रे डिकन्स यांनी आणीबाणी जाहीर केली.

न्यायालयीन लढाईत जॉर्जियाची बाजू सावरली गेली असली, तरी लेनियरचे पाणलोट क्षेत्र वाढणारे नाही. महानगराची पुढील वाढ त्यामुळे याच पाण्याच्या काटकसरीवर, पुनर्वापरावर आणि जुन्या वाहिन्यांच्या दुरुस्तीवर अवलंबून राहील. त्या दुरुस्तीचा खर्च शेवटी पाणीपट्टीच्या बिलातच येईल.