न खपलेला नांगर

ठाण्याहून बेलापूरकडे निघालें म्हणजे डाव्या हातास पारसिकचा डोंगर सोबत करूं लागतो. त्याच्या पायथ्याशीं महापे हें आगरी वस्तीचें जुनें गांव आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि खाडीपलीकडचा हा सारा पट्टा कारखानदारीकरितां घेण्यांत आला. जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें भूखंडांचे क्रमांक आले. आज महापे येथें इलेक्ट्रॉनिक उद्योगांचा स्वतंत्र विभाग आहे, मिलेनियम बिझनेस पार्क या नांवाची संगणकाच्या कचेऱ्यांची वसाहत आहे, आणि या मोठ्या इमारतींच्या आडोशास कितीतरी लहान गाळे आहेत. अशा गाळ्यांत एखाददुसरें यंत्र मांडून बसलेला तरुण हा आमच्या मतें आजच्या महाराष्ट्रांतील फार मोलाचा माणूस होय. त्याच्या घरीं मात्र त्याच्याविषयीं काळजीचाच सूर असतो. 'शिकून-सवरून हें काय आरंभिलेंस? चांगली नोकरी मिळत होती!' हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें जात नाहीं असें घर आमच्या मध्यम वर्गांत विरळा.

या तरुणाच्या उत्तेजनार्थ, आणि त्याच्या वडिलांच्या समजुतीकरितांही, यशस्वी उद्योजकांचीं चरित्रें सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. या चरित्रांची घडण बहुधा एकच असते. आरंभीं गरिबी किंवा अपमान, शेवटीं धुराडीं आणि मानपत्रें, आणि मधला सारा काळ 'अविश्रांत परिश्रम' या दोन शब्दांत उरकलेला. आमची तक्रार या दोन शब्दांविषयीं आहे. परिश्रम म्हणजे कसले? किती वर्षें? आणि ते चालू असतां चूल कोणाच्या जिवावर पेटत होती? या प्रश्नांचीं उत्तरें न देणारें चरित्र तरुणाला क्षणभर चेतवितें, पण गाळ्याचें भाडें थकलें त्या महिन्यांत त्याच्या उपयोगीं पडत नाहीं.

म्हणून आम्ही मुद्दामच असें एक उदाहरण घेतों, कीं जें आपल्याला पुरतें ठाऊक आहे असें प्रत्येक मराठी वाचकाला वाटतें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें नांव कोणीं ऐकलें नाहीं? खरें सांगावयाचें तर आमच्यासारख्या पुस्तकी लोकांच्या घरीं हें नांव नांगरापेक्षां 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांमुळेंच अधिक शिरलें. नांगराची गोष्ट आम्हीं ऐकली ती त्यामानानें वरवर.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांवकडील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पण दृष्टींत रंग ओळखण्याचा दोष असल्याचें निघालें आणि रंगांचा नाद सोडावा लागला. उरली ती रेघ. यंत्रांचें रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. नोकरी चालू असतांच मुंबईहून सायकली पाठवावयाच्या, आणि थोरले बंधु रामूअण्णा यांनीं बेळगांवास त्या विकून गिऱ्हाइकाला बसावयासही शिकवावयाचें, असा दोघां भावांनीं जोडधंदा आरंभिला होता. १८८८ हें किर्लोस्करांच्या उद्योगाचें आरंभवर्ष मानतात. पुढें बढतीच्या वेळीं त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा मिळाली, तेव्हां त्यांनीं नोकरीला रामराम ठोकला.

व्याख्यानांतून हा राजीनामा मोठ्या आवेशानें सांगितला जातो. त्यांत स्वाभिमान होता हें कोण नाकारील? परंतु ज्या हातानें राजीनामा लिहिला त्याच्या मागें बेळगांवचें चालतें दुकान होतें, आणि तें चालविणारा भाऊ होता, हें त्याच दमांत सांगितलें पाहिजे. तें न सांगतां केवळ राजीनाम्याचा गौरव करणें हें आम्हांस तरुणांची दिशाभूल करण्यासारखें वाटतें.

बेळगांवास आल्यावर लक्ष्मणरावांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें आणि मग लोखंडी नांगर हातीं घेतला. हा नांगर विकला गेला नाहीं. तो एक आठवडा विकला गेला नाहीं, एक हंगाम विकला गेला नाहीं. पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमिनीला विष बाधतें असें शेतकऱ्याचें म्हणणें होतें, आणि चरित्रकार तें अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगतात. आम्हांस त्या शेतकऱ्याची बाजूही थोडी मांडावीशी वाटते. लांकडी नांगर त्याच्या गांवचा सुतार घडवी. फाळ झिजला तर गांवचा लोहार तो भट्टींत घालून ठोकून देई. आणि या दोघांचें देणें सुगीच्या वेळीं धान्यानें भागे, रोख पैशाचें काम नसे. बिडाची वस्तु मात्र ओतीव. ती तुटली तर लोहाराच्या घणाखालीं सांधत नाहीं, उलट तिचे तुकडे होतात. म्हणजे ऐन पेरणीपूर्वीं नांगर मोडला तर शेतकऱ्यानें बेळगांवची वाट धरावयाची! शिवाय लोखंडी नांगर माती नुसती उकरीत नाहीं तर खोलवर जाऊन तिची उलथापालथ करतो. त्याला बैलही दांडगे लागतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर घर जगलें ती अशी उलटीपालटी करून पाहण्याचें धाडस एका मास्तराच्या शब्दावर कोणी कां करावें? शेतकरी 'विष' म्हणाला; त्याला बहुधा 'जोखीम' म्हणावयाचें होतें.

नांगराचे गुणही तितकेच खरे होते. हरळी आणि कुंदा यांनीं ग्रासलेलें रान लांकडी फाळाला दाद देत नाहीं. मुळ्या खालीं शाबूत राहतात आणि पावसाबरोबर पुन्हां वर येतात. लोखंडी नांगरानें त्या मुळ्या उपटून उन्हांत टाकल्या म्हणजे रान मोकळें होतें. हें शेतकऱ्याला पटवावयाचें तर शब्द निरुपयोगी होते; एक रान नांगरलेलें, एक न नांगरलेलें, आणि मधें एक पावसाळा, एवढाच काय तो युक्तिवाद. आणि पावसाळा वर्षांतून एकदांच येतो. धंद्यांतील परिश्रम म्हणजे रात्रंदिवस घण घालणें अशी आपली समजूत असते. घण घालणें सोपें. घामानें अंग भिजलें म्हणजे कांहींतरी केल्याचें समाधान तरी मिळतें. तयार माल कोठींत पडून असतां दुसरा हंगाम येईपर्यंत वाट पाहणें, त्या अवधींत फाळाचें बीड अधिक टणक कसें होईल याचा विचार करणें, आणि रोजचा खर्च सायकली व कडबा-यंत्रें यांवर भागविणें, हे खरे परिश्रम होत. ते चित्रांत काढून दाखवितां येत नाहींत, म्हणूनच चरित्रांतून गळतात.

नांगराचा जम बसूं लागतो न लागतो तोंच बेळगांवच्या नगरपालिकेला नव्या वस्तीकरितां ती जागा हवीशी झाली आणि कारखाना हलविण्याची पाळी आली. आजची ठळकवाडी ती हीच. त्या वेळीं लक्ष्मणरावांच्या हातीं औंध संस्थानांतील एका मंडपाचें काम होतें. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून ते पुढें देशभर ओळखले गेले. रंग सुटलेला एक चित्रकार आणि राज्यावर बसलेला दुसरा चित्रकार यांची ही गांठ पडली नसती तर महाराष्ट्राच्या कारखानदारीचा इतिहास कसा लिहिला गेला असता, हा विचार आमच्या मनांत वारंवार येतो. पंतप्रतिनिधींनीं कुंडलरोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जागा आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजीं तेथें काम सुरू झालें. त्या दिवशीं लक्ष्मणराव चाळिशी ओलांडून गेले होते. तरुण उद्योजकांच्या गोष्टी आवडीनें वाचणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा : सायकलीपासून कुंडलपर्यंत बावीस वर्षें.

जागा कशी होती? निवडुंगाचें रान, पाण्याचा तुटवडा, आणि नागांचा सुळसुळाट. सुमारें पंचवीस कामगार व त्यांचीं बायकामुलें या माळावर येऊन राहिलीं. पुरुषांना निदान भट्टी तरी होती. पण निवडुंग तोडून केलेल्या अंगणांत पोर खेळावयास सोडतांना ज्या मातेनें आधीं काठी आपटून पाहिली असेल, तिचे परिश्रम कारखान्याच्या कोणत्या जमाखर्चांत लिहिले गेले? रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनीं गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमलें आणि त्यांनीं तो विश्वास राखला, ही गोष्ट आम्हांस दहा हजार रुपयांच्या कर्जाइतकीच महत्त्वाची वाटते. पंतांनीं जें लक्ष्मणरावांकरितां केलें, तेंच लक्ष्मणरावांनीं या माणसांकरितां केलें.

पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां परदेशी नांगर येईनासे झाले आणि मागणी एकदम वाढली. पण त्याच युद्धानें कच्चें लोखंड, कोक आणि रंग हेंही दुर्मिळ करून टाकलें. कोकच्या जागीं लांकडी कोळसा वापरून पाहण्यांत आला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठीं दिल्या, असेंही सांगितलें जातें. १९२० सालीं किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. पुढील पिढीनें पंप, विजेच्या मोटारी व तेलाचीं इंजिनें यांचे कारखाने हरिहर, बंगलोर, पुणें येथवर नेले. हा भाग सर्वश्रुत आहे.

अलीकडे आफ्रिका खंडांतील तरुण उद्योजकांच्या कथा आपल्याकडेही वाचल्या जातात. त्यांतील एकच येथें सांगण्याजोगी वाटते. इथिओपियांतील आदिस अबाबा शहराच्या एका गरीब वस्तींत बेथलेहेम तिलाहुन अलेमू या तरुणीनें २००४ च्या सुमारास जुन्या टायरांचे तळ लावलेलीं पादत्राणें करण्यास आरंभ केला. ही वस्तु त्या देशाला नवी नव्हती. टायरच्या वहाणा आमच्या खेड्यांतूनही लोक झिजवीत आले आहेत. नवें होतें तें हें, कीं गरिबाची वहाण नीट शिवून, हातमागाचें कापड लावून, 'सोलरेबेल्स' या नांवानें तिनें ती जगाच्या बाजारांत नेली. कामगार पांच, भांडवल घरच्यांचें आणि जागा आजीची! बेळगांवचा भाऊ, औंधचे पंत, आणि आदिस अबाबाची ही आजी यांना आम्ही एकाच रांगेंत बसवितों. त्यांच्यावांचून त्या दोघांचे श्रम फुकट गेले असते, एवढें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण ते श्रम करावयास उभें राहण्यापुरती जमीन कोठून आली, हें विचारल्यावांचून राहवत नाहीं.

आतां पुन्हां महापे. १९१० सालीं जी गोष्ट एका संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून होती, ती १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्यानें महाराष्ट्रांत रीतसर झाली. भूखंड, रस्ता, पाणी आणि वीज हीं देण्यास आतां महामंडळ आहे; रसिक राजाची गांठ पडण्याची गरज नाहीं. ही प्रगति मोठीच म्हटली पाहिजे. मात्र कुंडलचा माळ ओसाड होता. महाप्याचीं खाचरें पिकत होतीं. ठाणें-बेलापूर पट्ट्यांत व पलीकडे उरण-पनवेलकडे कारखाने आणि नवी मुंबई यांकरितां ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना पुरेसा मोबदला मिळाला कीं नाहीं, या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं मोठा लढा झाला, आणि जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच माणसें प्राणांस मुकलीं. साडेबारा टक्के विकसित जमीन भूमिपुत्रांस परत देण्याची योजना त्यानंतर आली. उद्योजकाच्या यशामागचे परिश्रम मोजावयाचे तर या पट्ट्यांत ते गाळ्याच्या दारापाशीं थांबून मोजतां येणार नाहींत.

दुसरी गोष्ट वडीलमाणसांशीं बोलण्याची आहे. महामंडळ भूखंड देतें, बँक कर्ज देते. पण पहिला नांगर खपेपर्यंतचीं दोन वर्षें कोणतीही संस्था देत नाहीं. कर्जाचा हप्ता पावसाळ्याची वाट पाहत नाहीं. तीं दोन वर्षें कोणाच्या तरी घरांतून येतात : कोणाचा भाऊ दुकान चालवितो, कोणाची पत्नी शाळेंत शिकवून घर ओढते, कोणाचे वडील निवृत्तिवेतनांतून गाळ्याचें भाडें भरतात आणि चारचौघांत त्याची वाच्यता करीत नाहींत. महापे येथें रात्रीं उशिरा एखाद्या गाळ्यांत दिवा दिसतो, तेव्हां आम्हांस आंत वाकलेल्या तरुणाइतकेच हे घरचे लोकही डोळ्यांपुढें येतात.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं वारले. कुंडलरोड स्टेशनचें नांव बदलून किर्लोस्करवाडी झालें, आणि निवडुंगाच्या त्या माळाला आतां दुसरें नांव उरलेलें नाहीं. महापे येथें तसें कांहीं घडलें नाहीं. तेथील कारखान्यांच्या पत्त्यावर भूखंडाचा क्रमांक असतो, विभागाचें अक्षर असतें, आणि त्याखालीं अजून त्या भातशेतीच्या गांवाचेंच नांव लिहिलें जातें.