अक्षरी सेलू

दुधनेच्या खोऱ्यातील सेलू या गावाचे नाव किती अक्षरांचे, असे कोणी विचारले तर बालबोध वाचणारा शाळकरी मुलगाही क्षणात 'दोन' म्हणून सांगेल. परंतु हाच प्रश्न मोडी जाणणाऱ्या जुन्या पटवाऱ्याला, तहसील कचेरीतील उर्दूनवीस पेशकाराला, तारघरातील बाबूला आणि आजच्या संगणकाला क्रमाने विचारीत गेले, तर उत्तरे निरनिराळी येतात, आणि प्रत्येकाचे उत्तर त्याच्या त्याच्या दफ्तरापुरते बरोबर असते. एका दफ्तराने दुसऱ्याच्या हाती मजकूर सोपवावयाचा तो कोणत्या कराराने, हा प्रश्न म्हणूनच मराठवाड्याच्या माणसाला नवा नाही. तोच प्रश्न आज प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणापुढे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फंक्शनला स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, देताना, रोज उभा राहतो. आणि तेथे झालेली चूक सर्वांत आधी मराठीच्या वाट्याला येते.

१९४८ च्या सप्टेंबरापर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. त्या राज्याची दरबारी भाषा प्रथम फारसी होती; १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली आणि महसूल, अदालत, पोलीस या सर्व खात्यांचा व्यवहार उर्दूत होऊ लागला. गावपातळीवर मात्र पटवाऱ्याचे दफ्तर मराठीत, आणि हातचे लेखन बहुधा मोडीत. म्हणजे गावचा मजकूर तहसिलीपर्यंत जाताना त्याला एका लिपीतून दुसरीत उतरावे लागे, आणि तहसिलीचा हुकूम गावात येताना पुन्हा उलट दिशेने.

या उतरण्यात सेलूच्या नावाचे काय होत असे, ते पाहण्यासारखे आहे. मोडी ही त्वरेची लिपी. आधी कागदावर सलग ओळ ओढावयाची आणि तिच्याखाली बोरू शक्य तितका कमी उचलून लिहीत जावयाचे, अशी तिची रीत. ती शब्द तोडीत नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळीत नाही, त्यामुळे 'सेलू' आणि 'सेलु' हा भेद मोडीत उरतच नाही. उर्दूत हे नाव सीन, ये, लाम आणि वाव अशा चार अक्षरांनी लिहिले जाते. पण शब्दाच्या मध्यभागी येणारा 'ये' हा ई, ए आणि ऐ या तिन्ही स्वरांचे काम करतो, आणि 'वाव' हा ऊ, ओ आणि औ यांचे. ज्याने गाव पाहिलेले नाही अशा हैदराबादच्या मुनशीने ती चार अक्षरे सेलू, सैलू, सेलो किंवा सीलो अशी कशीही वाचली तरी लिपीच्या नियमाने तो चुकला असे म्हणता येणार नाही. रोमन लिपीतील सरकारी कागदांत या गावाचे नाव 'सेलू' आणि 'सैलू' अशा दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले आढळते; त्यातील दुसऱ्या लेखनाचे मूळ त्या एका 'ये'मध्ये असावे, असे मला वाटते. वर्धा जिल्ह्यातील सेलू हा तालुका निराळाच, आणि त्याचे रोमन लेखन आणखी तिसरे.

 

मजकूर हातोहात जाताना बदलतो, हा धोका जुन्या कारकुनांना ठाऊक होता, आणि त्यावर त्यांनी योजिलेले उपाय मला फार विचारपूर्वक केलेले वाटतात. पहिला उपाय मजकुराचा शेवट निश्चित करण्याचा. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे, आणि मजकूर जेथे संपला तेथे 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा उमटवीत. तिच्यापुढे कोणी एक अक्षर जरी वाढविले तरी ते पत्राबाहेरचे. पेशवाईच्या कागदांवरील 'लेखनसीमा' या शब्दाचे प्रयोजनही हेच. आजही आपण रकमेपुढे 'अक्षरी रुपये' लिहून शेवटी 'फक्त' हा शब्द घालतो, तो याच घराण्यातला. दुसरा उपाय मोजणीचा. कर्जरोख्यात रकमेबरोबर तिचे 'निमे' लिहिण्याची रीत होती, म्हणजे कोणी आकडा वाढविला तर निम्म्याशी त्याचा मेळ बसू नये. तारखात्याने हीच युक्ती शब्दांना लाविली. तारेच्या आरंभीच शब्दांची संख्या पाठवीत, आणि घेणारा बाबू आलेले शब्द मोजून त्या संख्येशी ताडून पाही. एक रीत शेवटी खूण करण्याची, दुसरी आरंभी संख्या सांगण्याची. या दोहोंपलीकडे तिसरी रीत संगणकशास्त्रालाही फारशी सापडलेली नाही.

१९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा सिद्ध केली, तेव्हा त्यांनी पहिली रीत पत्करली: स्ट्रिंगच्या शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट ठेवावयाचा, आणि वाचणाऱ्याने तो भेटेपर्यंत वाचीत जावयाचे. लांबी आरंभी एका बाइटात ठेवली तर ती २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही, हे बंधन त्यांना नको होते. पास्कल भाषेच्या कित्येक आवृत्त्यांनी नेमकी दुसरी रीत घेतली आणि ते बंधन सोसले. व्हिज्युअल बेसिकच्या स्ट्रिंगने पुढे आरंभी लांबी आणि शेवटी शून्य अशा दोन्ही खुणा एकत्र केल्या. एका रीतीची स्ट्रिंग दुसऱ्या रीतीच्या फंक्शनच्या हाती विनाकरार दिली, तर ते लांबीचा आकडाच पहिले अक्षर समजून वाचते, किंवा शून्य न भेटल्यामुळे परक्याच्या मेमरीत शिरून वाचीत सुटते. लेखनसीमा नसलेल्या पत्राखाली दुसऱ्या कोणाचा मजकूर चिकटावा तसे.

शेवटाचा प्रश्न असा सुटला तरी लिपीचा उरतोच. आणि येथे कागद व यंत्र यांत एक मूलगामी भेद आहे. कागदावरची लिपी डोळ्यांना दिसते. पेशकाराला मोडी वाचता आली नाही तरी ही मोडी आहे एवढे तरी तो ओळखी, आणि जाणत्याला बोलावी. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासावयास घेतल्या, तेव्हाही मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना असेच शोधावे लागले. यंत्राच्या मेमरीत मात्र केवळ अंक असतात, आणि ते कोणत्या लिपीचे हे त्या अंकांवर कोठेही लिहिलेले नसते. आपण जाणत नाही हेही यंत्राला कळत नाही. ते निःशंकपणे वाचते.

मराठीसाठी हे अंक ठरविण्याचे काम आपल्या देशात गंभीरपणे झाले. कानपूरच्या आयआयटीत आरंभलेले काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेले, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतावली मानक म्हणून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. तरीही पुढे कितीतरी वर्षे छापखान्यांत आणि कचेऱ्यांत रोमन अक्षरांच्याच अंकांवर देवनागरीची चित्रे चढविलेले फॉन्ट चालत राहिले. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसे, हा अनुभव त्या काळात काम केलेल्या कोणाही मराठी माणसाला सांगावा लागणार नाही.

विंडोजच्या एनटी शाखेने १९९३ साली युनिकोडचा सोळा-बिटी पाया घेतला, पण जुन्या प्रोग्रॅमांची सोय म्हणून स्ट्रिंग घेणाऱ्या बहुतेक फंक्शनांची दोन रूपे ठेविली: एक 'ए' या अक्षराने संपणारे, जुन्या आठ-बिटी कोड पेजचे, म्हणजे अक्षरे व अंक यांच्या तक्त्याचे, दुसरे 'डब्ल्यू'ने संपणारे, रुंद अक्षरांचे. २००० सालच्या विंडोजने देवनागरीला आधार दिला तो केवळ युनिकोडच्या मार्गाने; मराठीसाठी जुन्या धर्तीचे आठ-बिटी कोड पेज तिने कधी नेमलेच नाही. या एका गोष्टीचा परिणाम फार दूरवर गेला. फ्रेंच किंवा जर्मन लिहिणाऱ्याचा प्रोग्रॅम 'ए'च्या दाराने गेला तरी बहुधा निभावून जातो. मराठीला त्या दाराने वाटच नव्हती.

२००२ साली डॉट नेट आले, आणि त्यातील सी शार्प भाषेतून विंडोजच्या मूळ फंक्शनला हाक मारण्याची सोय 'डीएलएल इम्पोर्ट' या घोषणेने झाली. या घोषणेत अक्षरसंच स्पष्टपणे सांगितला नाही, तर ती आठ-बिटी 'ए' रूपच गृहीत धरते. प्रोग्रॅममधील स्ट्रिंग सोळा-बिटी युनिकोड. सीमेवरचा दुभाषा, ज्याला त्या व्यवसायात मार्शलर म्हणतात, तिचे यंत्राच्या कोड पेजमध्ये रूपांतर करू पाहतो. आणि तेथे देवनागरी नसेल तर प्रत्येक संकेताच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून मुकाट्याने पुढे जातो. समजा, सेलूच्या मोंढ्यातील एका अडत दुकानाच्या हिशेबाच्या फाइलला गावाचे नाव द्यावयाचे आहे. युनिकोडमध्ये सेलू म्हणजे चार संकेत: स, एकाराची मात्रा, ल आणि दीर्घ उकार, त्यांचे षोडशमान अंक ०९३८, ०९४७, ०९३२ आणि ०९४२. 'ए'च्या दाराने गेलेले सेलू चार प्रश्नचिन्हे होऊन पोहोचते, आणि प्रश्नचिन्ह हे विंडोजच्या फाइलनावात निषिद्ध असल्यामुळे फाइल उघडतच नाही. प्रोग्रॅम लिहिणारा मग दोष शोधीत बसतो तो डिस्कमध्ये, परवानग्यांत, फॉन्टमध्ये. दोष असतो तो न लिहिलेल्या एका शब्दात.

याच्या उलट चूकही होते, आणि ती अधिक बोधप्रद आहे. रुंद स्ट्रिंग रूपांतर न करता आठ-बिटी फंक्शनला दिली, तर रोमन लिपीतील सेलूच्या पहिल्या अक्षरानंतरचा बाइट शून्य असल्यामुळे वाचणारा तेथेच थांबतो, आणि गावाच्या नावातील केवळ 'एस' उरतो. देवनागरी सेलूत मधे शून्य नाही. विंडोज प्रत्येक संकेताचा खालचा बाइट आधी ठेवीत असल्यामुळे ३८, ०९, ४७, ०९, ३२, ०९, ४२, ०९ असे आठ बाइट येतात, आणि वाचणाऱ्याला आठाचा आकडा, रोमन 'जी', दोनाचा आकडा आणि रोमन 'बी' ही चार चिन्हे मध्ये टॅबची अंतरे घेऊन दिसतात. 'ये'चा ऐकार वाचणाऱ्या मुनशीने निदान एखाद्या गावाचे नाव तरी वाचले होते.

मोजणीचाही घोळ आहेच. युनिक्स परंपरेतील यंत्रांना १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका भोजनालयात बसून आखलेली यूटीएफ-८ ही रीत प्रिय आहे. तीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे सेलू बारा बाइटांचे. विंडोजच्या सोळा-बिटी रूपात ते आठ. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली, पण ती सोळा बिटांच्या कक्षेबाहेरच्या प्रदेशात. म्हणून मोडीतील सेलू तेवढ्याच चार संकेतांचे असूनही सोळा बाइटांचे होते. फंक्शन लांबी मागते तेव्हा ती बाइटांत की अक्षर-एककांत, आणि शेवटच्या शून्यासह की त्याविना, हे त्याच्या माहितीपत्रकात वाचल्याशिवाय अंदाजाने भरणे म्हणजे निमे न लिहिता कर्जरोखा करणे होय.

अस्सल आणि नक्कल हा भेद तर कारकुनी मराठीने या विषयाला आयताच दिला आहे. 'ए' रूपाला डॉट नेट स्ट्रिंगची नक्कल करून देते. 'डब्ल्यू' रूपाला साधी स्ट्रिंग देताना ते पुष्कळदा अस्सलच नेऊन पुढे ठेवते. त्या फंक्शनने तीत काही लिहिले, तर जी स्ट्रिंग कधीच बदलू नये असा भाषेचा नियम तीच बिघडते, आणि तिच्यावर विसंबलेल्या इतर जागाही. म्हणून ज्या फंक्शनला उत्तर लिहावयाचे आहे त्याला कोरा, पुरेसा लांब आणि लिहिण्यासाठीच नेमलेला कागद द्यावा. पूर्वी स्ट्रिंगबिल्डर देत, आता अक्षरांचा ॲरे देणे बरे मानतात. आणि फंक्शनने स्वतःच्या मेमरीतून स्ट्रिंग परत दिली, तर ती मोकळी कोणी व कोणत्या फंक्शनने करावयाची हेही करारातच ठरलेले असले पाहिजे.

२०१९ पासून विंडोजच्या प्रोग्रॅमाला आपले आठ-बिटी कोड पेज यूटीएफ-८ असल्याचे घोषित करता येते, त्यामुळे 'ए'चे दारही मराठीला आता उघडू शकते. पण तेही घोषणा केल्यावरच.

मराठवाड्यातील महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंग शिकविणाऱ्या अध्यापकांना माझी एक विनंती आहे. मूळ फंक्शनला स्ट्रिंग देण्याचा पहिला धडा परकीय पुस्तकातील रोमन नमुन्यावर देऊ नये, कारण रोमन अक्षरे चुकीच्या दारानेही सुखरूप पोहोचतात आणि विद्यार्थ्याला आपले बरोबर आहे असे वाटत राहते. त्याच्या हातून घोषणेत अक्षरसंच युनिकोड असल्याचे लिहवून घ्यावे, आणि मग 'सेलू' हा शब्द पलीकडे पाठवून परत मागवावा; चार संकेत, आठ बाइट आणि शेवटच्या शून्याचे दोन, असे दहा बाइट मोजून घ्यावेत.