लाँगबो

मध्ययुगीन इंग्लंड व वेल्समध्ये वापरात असलेले, साधारण पुरुषभर उंचीचे लाकडी धनुष्य. उत्तम लाँगबो यू वृक्षाच्या एकाच दांड्यातून घडवीत. धनुर्धराकडील बाजूचे तांबूस मध्यकाष्ठ दाब सोसते, तर बाहेरील बाजूस राखलेला फिकट रसकाष्ठाचा पातळ थर ताण पेलतो. दोन गुणांचे लाकूड निसर्गतःच जुळून आलेले मिळते, हीच या साध्या दिसणाऱ्या शस्त्राची खरी करामत. क्रेसी (१३४६) व अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) येथे इंग्रज धनुर्धरांनी फ्रेंच सैन्याला जेरीस आणले. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या अवशेषांत १३७ अखंड धनुष्ये सापडली. त्यांतील अनेकांची दोरी पूर्ण ओढण्यास ४५ किग्रॅ.हून बरेच अधिक बळ लागत असावे. अशी ताकद लहानपणापासूनच्या सरावाशिवाय येत नाही. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३६३ मध्ये सुटीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव सक्तीचा केला, तो उगाच नव्हे. पुढे बंदुकांनी लाँगबोची जागा घेतली.

पारंपरिक तिरंदाजीत लाँगबो आजही वापरतात. त्याला कप्पी किंवा नेमदर्शक नसतो. बाण धनुष्य धरलेल्या मुठीवरच टेकवतात. सुटताना तो बोटांना घासून जातो, म्हणून त्याला सहज दबणारी पक्ष्यांची पिसेच लावतात.