गेम बंद पडतो तेव्हा दोष कुणाचा?

गेम मध्येच बंद पडला की कोल्हापुरात पहिलं निदान घरातूनच येतं: "सारखं खेळत बसतोयस, म्हणून बिघडलाय." दुसरं दुकानातून येतं: "भावा, विंडोज मारून देतो, नीट होतंय." ही दोन्ही निदानं किती जुनी आहेत आणि मोठमोठ्या कंपन्यांनीही ती किती वेळा दिलीत, हे बघण्यासारखं आहे.

एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला गेला आणि भर सभेत निळी स्क्रीन आली. लोक हसले, गेट्सही हसले. त्या काळच्या घरगुती विंडोजमध्ये प्रोग्रॅम आणि सिस्टिम यांच्यातली भिंत कच्ची होती. एक प्रोग्रॅम घसरला की सगळं घर खाली यायचं. २००१ मध्ये एक्सपीसोबत एनटीचा पक्का गाभा घराघरांत आला. तेव्हापासून गेम पडला तर बहुतेकदा गेमच पडतो, मागे डेस्कटॉप शाबूत राहतो. ग्राफिक्स ड्रायव्हरचं दुखणं मात्र राहिलंच. मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं पुढे एका खटल्यात बाहेर आली. त्यांत २००७ च्या व्हिस्टा क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते.

आपल्याकडे तेव्हा कारण अजून साधं होतं. लाईट. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला, विजेची मागणी वाढत गेली आणि जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, ती भारनियमनाच्या ऐन काळात. माझ्या पिढीला पेपरातलं भारनियमनाचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाइतकं पाठ होतं. यूपीएस बीप-बीप करायला लागला की सेव्ह करायला दोन-तीन मिनिटं मिळायची. बॅटरी म्हातारी असेल तर तेवढीही नाही.

याच वर्षांत मदरबोर्डांवर एक वेगळीच साथ आली होती. आपले मिस्त्री ज्याला कंडेन्सर म्हणतात तो कपॅसिटर, त्याच्या आतल्या द्रावणात दोष होता. आत वायू साठायचा, डोकं फुगायचं, तपकिरी चिकट पदार्थ बाहेर यायचा. मशीन आधी अधूनमधून अडकायचं, मग कायमचं बसायचं. खराब बोर्ड बदलण्यासाठी डेलने २००५ मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढले. मला सगळ्यात आवडलेला तपशील २०१० मध्ये उघड झालेल्या कोर्टाच्या कागदांतला आहे. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक पटापट बंद पडायला लागले, तेव्हा डेलकडून कारण सांगितलं गेलं की विभागाने मशीनवर फार अवघड गणितं करून त्यांना थकवलं! म्हणजे आईचंच निदान, फक्त टाय लावून.

दोन वर्षांपूर्वी माझा असेंबल केलेला पीसी खेळताना बंद पडून आपोआप चालू व्हायचा. इथे लक्षणांतला फरक महत्त्वाचा. फक्त गेम बंद झाला तर गेम, ड्रायव्हर किंवा रॅम बघायची. निळी स्क्रीन आली तर तिच्यावरचा कोड लिहून घ्यायचा. आणि काहीही न सांगता सगळंच विझलं तर आधी वीज बघायची. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद मिळायची. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता गेलं. तिच्यावरून लोक विंडोज मारतात, ते फुकट जातं. उद्यमनगरात मोटर वाइंडिंग करणाऱ्या मामांचा मल्टिमीटर आणला. २३० व्होल्ट हवेत तिथे संध्याकाळी सात वाजता १८५. त्यात दुकानदाराने कॅबिनेटसोबत 'फ्री' दिलेला एसएमपीएस. ग्राफिक्स कार्डने एकदम जोर मागितला की तो मान टाकायचा. मामा म्हणाले, "अरे, हे तर कंप्रेसरचं दुखणं हाय." चांगला एसएमपीएस बसवला, प्रश्न मिटला.

असा दोष सापडतो, कारण तो मीटरवर दिसतो. २०२४ मधला दिसत नव्हता. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या महागड्या प्रोसेसरवर अनरियल इंजिनचे गेम पडायला लागले आणि स्क्रीनवर संदेश यायचा, 'व्हिडिओ मेमरी संपली'. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकले. प्रत्यक्षात गेम सुरू होताना दाबून ठेवलेला डेटा उलगडायचं काम प्रोसेसरवर पडतं, सगळे कोर एकदम राबतात, आणि अस्थिर प्रोसेसर तिथे चुकीचं उत्तर द्यायचा. पुढचा गोंधळ बिचाऱ्या कार्डाच्या नावावर जायचा. एप्रिलमध्ये इंटेलने बोट दाखवलं ते मदरबोर्डवाल्यांच्या सेटिंगकडे. जुलैमध्ये मान्य केलं की प्रोसेसरचाच मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण जो प्रोसेसर आधीच झिजलाय, तो या दुरुस्तीने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

बदलून घ्यायचा कुठून, तर डबाबंद प्रोसेसर असेल तर कंपनीकडून आणि सुटा, म्हणजे 'ट्रे' असेल तर जिथून घेतला तिथून. राजारामपुरीत पाच हजार वाचवायला सुटा प्रोसेसर कच्च्या बिलावर घेतलेल्या पोराकडे दाखवायला काय असतं? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कोटेशनचा फोटो, आणि त्याखाली दुकानदाराचा अंगठा.