कलाशाखेतील संगीत आणि बुलढाणा जिल्हा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी खैरागढ येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची स्थापना झाली. खैरागढच्या राजघराण्याने आपल्या कन्येच्या स्मरणार्थ त्यासाठी राजवाडा दिला होता. त्या दिवशी बुलढाणा जिल्हा त्याच मध्य प्रदेश राज्यात होता. १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. संगीतास वाहिलेले विद्यापीठ आणि हा जिल्हा एका राज्यात नांदले ते अवघे अठरा दिवस. ही गोष्ट योगायोगाची खरी. परंतु तिच्यामुळे एक प्रश्न पुढे येतो. इतिहास, मराठी किंवा अर्थशास्त्र यांच्या पंक्तीस संगीत कोणत्या अटीवर बसले, आणि वऱ्हाडातील विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यातून काय आले?

आपल्याकडील संगीतशिक्षणाच्या आरंभीच्या संस्था विद्यापीठाबाहेर वाढल्या. बडोद्यास मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले, तर भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज स्थापिला. या संस्थांचे मुख्य साध्य गवई व शिक्षक घडविणे आणि संगीतास समाजात प्रतिष्ठा मिळवून देणे हे होते. अमेरिकेतही असे दोन मार्ग दिसतात. ओबर्लिन येथील संगीत-विद्यालय १८६५ चे; तेथे भर वादन-गायनाच्या तालमीवर होता. १८७५ मध्ये हार्वर्डने जॉन नोल्स पेन यांस संगीताचे प्राध्यापकपद दिले, तेव्हा मात्र संगीत उदार शिक्षणाचा एक विषय म्हणून इतर विद्यांच्या शेजारी आले. तालीम आणि अभ्यास या दोन कल्पना भिन्न आहेत, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

विद्यापीठीय परीक्षेस ग्रंथ लागतो, परिभाषा लागते, लेखी उत्तर तपासता येईल असा आशय लागतो. ही सामग्री विष्णु नारायण भातखंडे यांनी पुरविली. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ मराठीत असून गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. बडोद्याची संगीत परिषद (१९१६), ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) हे त्यांच्या कार्याचे पुढील टप्पे होत. १९४९ मध्ये बडोद्यास विद्यापीठ झाल्यावर तेथील जुनी शाळा त्याच्या कक्षेत आली, आणि १९५० मध्ये पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीतशिक्षणाची उभारणी केली. पलुस्करांची शिष्यशाखा आणि भातखंड्यांची ग्रंथपद्धती अशा रीतीने विद्यापीठाच्या दारी एकत्र आल्या.

बुलढाण्याचा शैक्षणिक संबंध मात्र प्रशासनाच्या ओघाने बदलत गेला. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले व १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडले गेले. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ चे. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने परीक्षांची जी शिडी उभारली, ती महाराष्ट्रातील गावोगावच्या खाजगी वर्गांस आधारभूत झाली. कलाशाखेची पदवी एकीकडे आणि ‘विशारद’ दुसरीकडे, असे दोन हिशेब विद्यार्थ्यास मांडावे लागले. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांस गायनाची तालीम नागपूरला शंकरराव सप्रे यांजकडे मिळाली; उपजीविकेसाठी मात्र लष्करी हिशेब खात्यात दीर्घकाळ नोकरी करावी लागली. एवढ्या थोर गवयास जर विद्या आणि अन्न यांच्या वाटा वेगळ्या ठेवाव्या लागल्या, तर सामान्य पालकाची शंका अवाजवी म्हणता येत नाही.

या इतिहासाची दुसरी बाजू अधिक विचारणीय आहे. जिल्ह्यात संगीताचे शिक्षण नव्हते असे नव्हे. ते महाविद्यालयात नव्हते. शेगाव हे वारकऱ्यांचे मोठे केंद्र. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा क्रम चार वर्षांचा आहे. पखवाज, टाळ, चाली, पाठांतर व निरूपण यांची ही परंपरा कोणत्याही अर्थाने अशिक्षित नव्हे. तरीही विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा कणा राग, ताल आणि बंदिश हाच राहिला, कारण पाठ्यग्रंथ तेवढ्याचेच तयार होते. या जिल्ह्याचे पूर्वीचे विद्यापीठ आज खंजिरीवर भजने गाणाऱ्या तुकडोजी महाराजांचे नाव धारण करते, आणि आजचे विद्यापीठ कीर्तनकार गाडगेबाबांचे. नाव दाराशी आले; नामधारकांची विद्या मात्र अभ्यासक्रमाच्या कडेला उभी राहिली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी शिक्षणात मुख्य विषय व उपविषय ही रचना आणली आहे. तत्त्वतः संगीत हा मुख्य विषय आणि इतिहास किंवा मराठी हा उपविषय असा संयोग आता शक्य झाला. या संयोगाचे मोल केवळ सोयीचे नाही. घराण्याची तालीम लहान गावातील महाविद्यालय देऊ शकणार नाही, आणि तसा आव त्याने आणूही नये. परंतु भजनी मंडळाच्या चालींची स्वरलिपी करणे, एकाच अभंगाच्या गावोगावच्या चाली ताडून पाहणे, वृद्ध कीर्तनकारांच्या आख्यानांची ध्वनिमुद्रणे जतन करणे, हे काम ज्यास सरगम, मराठी आणि इतिहास ही तिन्ही येतात त्यालाच साधेल. असा विद्यार्थी कलाशाखेतच घडू शकतो. भातखंड्यांनी गवयांच्या कंठातील विद्या ग्रंथात आणली म्हणून विद्यापीठाने ती स्वीकारली. वारकऱ्यांच्या कंठातील विद्येसाठी ते कष्ट अद्याप व्हावयाचे आहेत. ते झाल्यावाचून अभ्यासक्रमात जागा मागणे व्यर्थ होय. आणि चाली जाणणारी वृद्ध पिढी त्यासाठी थांबून राहणार नाही.