पिकलेल्या मोतीबिंदूतून उद्भवणारा काचबिंदू

मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन वेगळे नेत्रविकार आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते; शस्त्रक्रियेनंतर बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत दृष्टीच्या मज्जातंतूची हानी होते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मात्र मोतीबिंदूकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास त्यातूनच काचबिंदू उद्भवू शकतो.

डोळ्यात सतत तयार होणारा द्रव बुबुळाच्या कडेजवळील सूक्ष्म जाळीतून बाहेर पडतो. त्यामुळे आतील दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरइतका राहतो. मोतीबिंदू झालेले भिंग पाणी शोषून फुगले, की ते पुढील रंगीत पडद्याला रेटते व निचऱ्याची वाट बंद होते. हा ‘फॅकोमॉर्फिक’ काचबिंदू. अतिपक्व भिंगातील प्रथिने पाझरून ही जाळी तुंबली, तर त्याला ‘फॅकोलिटिक’ काचबिंदू म्हणतात.

डोळा एकाएकी लाल होणे, असह्य वेदना, डोकेदुखी व उलट्या ही याची लक्षणे. उलट्यांमुळे पित्त समजून घरगुती उपाय केले जातात आणि मोलाचा वेळ वाया जातो. उपचारात प्रथम औषधांनी दाब उतरवतात व नंतर भिंग काढतात. मात्र तोवर मज्जातंतू निकामी झाला असेल, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दिसत नाही.

‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियापद्धतीच्या काळातला आहे. डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ‘फेको’ तंत्र आणले. आज पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. तरीही विलंब होतो. नेपाळमधील लहान येथील रुग्णालयाने ४१३ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. सोबत नेणारे कोणी नसणे आणि पैशांची अडचण ही उशिराची प्रमुख कारणे त्यात आढळली.

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून राबवला जातो. घाटकोपरमध्ये महापालिकेचे राजावाडी रुग्णालय आहे. परंतु रुग्णालय जवळ असले, तरी घरातील सर्वजण नोकरीला गेल्यावर आजी-आजोबांना तेथे नेणार कोण, हा प्रश्न मुंबईतही आहेच. त्यातच दुसऱ्या डोळ्याने दिसत असल्याने ते तक्रारही करीत नाहीत. म्हणून ज्येष्ठांना अधूनमधून एकेक डोळा झाकून पाहण्यास सांगावे. एका डोळ्याने धूसर दिसत असल्यास नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. डोळा दुखून लाल झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.