घरात निसर्गचित्राची कॅनव्हास प्रिंट लावताना काय पाहावे?

जुन्या, नामवंत निसर्गचित्राची कॅनव्हासवर छापलेली प्रत म्हणजे कॅनव्हास प्रिंट. मूळ चित्र संग्रहालयात असते. त्याच्या मोठ्या डिजिटल छायाचित्रावरून इंकजेट यंत्राने कापडावर छपाई होते आणि ते कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. मावळातील सुदुंबरे, तळेगाव परिसरात नवे घर घेतलेली अनेक कुटुंबे दिवाणखान्यासाठी अशी चित्रे मागवतात. मात्र चुकीची फाइल, चुकीचा आकार आणि ओलसर भिंत या तीन गोष्टींमुळे दोन पावसाळ्यांतच खर्च वाया जाऊ शकतो.

मावळाशी जुने नाते

चित्रांच्या छापील प्रती घरोघरी पोहोचवण्याचा इतिहास याच तालुक्यातून गेला आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथे शिळाछपाईने ओलिओग्राफ तयार होत. प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड वापरत आणि तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वरून वॉर्निश देत. त्यात देवदेवता आणि पुराणातील प्रसंग अधिक असत. ज्यांना मूळ तैलचित्र परवडणे शक्य नव्हते, त्यांच्या भिंतीवर तसबीर आली ती अशा छपाईमुळे. आजची कॅनव्हास प्रिंट हीच परंपरा नव्या यंत्रावर चालवते.

कोणते चित्र छापता येते?

भारतात चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ही ६० वर्षे मोजतात.

- जॉन कॉन्स्टेबल (मृत्यू १८३७), व्हॅन गॉग (१८९०) आणि मोने (१९२६) यांची चित्रे हक्कमुक्त आहेत.
- कोल्हापूरचे कोटितीर्थ, रंकाळा हा परिसर रंगवणारे आबालाल रहिमान (१९३१) यांची चित्रेही हक्कमुक्त आहेत.
- सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे.
- हयात चित्रकाराचे चित्र इंटरनेटवरून उतरवून परवानगीशिवाय छापून घेऊ नये. त्याच्या उपजीविकेवरच तो घाला ठरतो.

फाइल किती मोठी हवी?

भिंतीवरचे चित्र आपण पाच-सहा फुटांवरून पाहतो. त्यासाठी दर इंचाला १५० पिक्सेल पुरतात. ३६ × २४ इंचांच्या प्रिंटसाठी हा हिशेब ५४०० × ३६०० पिक्सेल, म्हणजे सुमारे २० मेगापिक्सेल येतो. व्हॉट्सॲपवर आलेले १६०० पिक्सेल रुंदीचे चित्र याच आकारात छापले तर इंचाला ४५ पिक्सेलही मिळत नाहीत आणि झाडांची पाने धुरकट डागांसारखी दिसतात.

ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आपल्याकडील अनेक हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइल संकेतस्थळावर मोफत देतात. दुकानदाराकडील फाइल वापरण्याऐवजी ही फाइल स्वतः नेलेली बरी. तिथले रंगही सहसा मूळ चित्राच्या अधिक जवळचे असतात.

आकार: चित्र कापले जात नाही ना?

दुकानातील ठरलेले आकार मूळ चित्राच्या प्रमाणात असतीलच असे नाही. मेट्रोपॉलिटनमधील व्हॅन गॉगचे सायप्रस आणि गव्हाच्या शेताचे चित्र (१८८९) सुमारे ७३ × ९३ सेंमी आहे. ते ३६ इंच रुंद छापले तर उंची २८ इंच येते. ३६ × २४ च्या चौकटीत बसवायचे तर चार इंचांचे आकाश किंवा शेत कापावे लागते. म्हणून आधी चित्राचे प्रमाण पाहा आणि चौकट त्या मापाची करून घ्या.

कापड चौकटीच्या कडांवरून मागे वळवतात, त्यात दर बाजूला दीड-दोन इंच जातात. कडेवर साधा रंग द्यायला किंवा चित्राचीच कड आरशासारखी उलटवून छापायला सांगा, म्हणजे मुख्य चित्र पूर्ण राहते.

कॅनव्हास की कागद?

मूळ तैलरंगातील चित्र कॅनव्हासवर शोभते. महाराष्ट्रातील बरीच नामवंत निसर्गचित्रे मात्र कागदावरील जलरंगात आहेत. ती कापडावर छापली की कागदाचा पोत आणि रंगाचा पातळपणा हरवतो. अशी चित्रे जाड सुती कागदावर छापून काचेच्या फ्रेममध्ये लावावीत.

शाई डाय प्रकारची आहे की पिगमेंट प्रकारची, हे विचारा. पिगमेंट शाई उन्हात उशिरा फिकी पडते. छपाईवर संरक्षक वॉर्निश असल्यास धूळ पुसणे सोपे जाते.

पावसाळ्यातील काळजी

- पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका. पोपडे किंवा ओलीचे डाग दिसत असतील तर आधी भिंत दुरुस्त करा.
- चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. भिंत आणि कापड यांच्यात हवा खेळली की बुरशीचा धोका कमी होतो.
- कापड सैल पडले तर चौकटीच्या कोपऱ्यांतील लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकून ताण आणता येतो.
- धूळ कोरड्या, मऊ फडक्याने झटका. ओले फडके किंवा काच पुसण्याचे द्रव वापरू नका.
- थेट ऊन पडणारी जागा आणि गॅसच्या शेगडीजवळची भिंत टाळा.

लावण्याची जागा

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमी उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत यावा. सोफ्यावर लावायचे असल्यास चित्राची रुंदी सोफ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश ठेवा. सहा फुटी सोफ्यासाठी चार फुटांचे चित्र पुरते. काँक्रीटच्या भिंतीत खिळा ठोकण्यापेक्षा ड्रिलने भोक पाडून प्लग आणि स्क्रू बसवावा.

किंमत देताना

कॅनव्हास प्रिंट ही सजावटीची वस्तू आहे, गुंतवणूक नव्हे. काही विक्रेते छापील चित्रावर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ते ‘हाताने रंगवलेले’ म्हणून विकतात. भिंगातून पाहिल्यास शाईचे बारीक ठिपके दिसतात, आणि जेलचे उंचवटे खालच्या रंगांच्या कडांशी जुळत नाहीत. मोठ्या प्रिंटला सांगितलेली किंमत जास्त वाटली, तर तेवढ्या पैशांत एखाद्या नवोदित चित्रकाराचे छोटे मूळ जलरंगचित्र मिळते का, हेही पाहावे. पुण्यातील कलादालनांत अशी प्रदर्शने भरत असतात.